सुखरूप सुटले, पण हृदयाचे काय?

भिवंडीजवळच्या वळपाडा येथे 29 एप्रिल 2023 रोजी गोदाम आणि त्यावर बिऱ्हाडे असलेली इमारत कोसळली. आठ जणांचा मृत्यू झाला, काहींना कित्येक तासांनी ढिगाऱ्यातून जिवंत बाहेर काढले. अशा दुर्घटनांनंतर सरकारी यादीत मृत आणि जखमी असे दोनच रकाने असतात. ज्याचे हाड मोडले नाही, तो ‘सुखरूप’ समजून घरी जातो. डॉक्टर म्हणून मला हा शब्द घाईचा वाटतो.

जबर भीती किंवा शोकाच्या वेळी शरीरात अ‍ॅड्रेनॅलिनसारखी संप्रेरके एकदम वाढतात. नाडी व रक्तदाब चढतो, रक्तवाहिन्या आकसतात, रक्तात गुठळी होण्याची शक्यता वाढते. वाहिनी आधीच अरुंद असेल, तर एवढे निमित्त पुरते. अमेरिकेत लॉस एंजेलिस परिसरात 17 जानेवारी 1994 रोजी भूकंप झाला. एरवी तेथे हृदयविकाराने दिवसाला सरासरी चार-पाच जणांचा अचानक मृत्यू होत असे. त्या दिवशी हा आकडा 24 झाला. वाहिनीत अडथळा नसतानाही धक्क्याने हृदयाचा स्नायू तात्पुरता दुबळा होऊ शकतो. जपानी डॉक्टरांनी 1990 मध्ये या विकाराला ‘ताकोत्सुबो’ नाव दिले. पाळी गेलेल्या स्त्रियांत तो अधिक दिसतो. बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत बरे होतात, पण सुरुवातीचे दिवस धोक्याचे असतात.

दुसरा परिणाम सावकाश होतो. झोप उडते, आवाजाने दचकायला होते, तंबाखू-दारू वाढते, रक्तदाबाच्या गोळ्या चुकतात. हे महिनोन् महिने चालले, की हृदयविकाराचा धोका वाढतो.

म्हणून छातीत दुखणे, धाप लागणे, दरदरून घाम येणे ही लक्षणे ‘टेन्शन’ म्हणून अंगावर काढू नका. 108 ला फोन करून रुग्णालय गाठा, ईसीजी काढा. ईसीजी चांगला आला म्हणून दुखणे खोटे ठरत नाही. मग मनाची चौकशी व्हायला हवी. सुरुवातीच्या दिवसांत झोप, जेवण, जवळच्या माणसांची सोबत द्या. ‘काय घडले ते सांग’ असा आग्रह धरू नका. तो बोलू लागला, की ऐका. महिन्यानंतरही तीच दृश्ये डोळ्यांसमोर येत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. समुपदेशनाने, गरज पडल्यास औषधांनी हा त्रास आटोक्यात येतो. ‘टेलीमानस’ची 14416 ही मोफत सेवा चोवीस तास उपलब्ध आहे. हृदयाची औषधे मात्र परस्पर बंद करू नका. डॉक्टरांनी परवानगी दिली, की रोज चालायला लागा.

भिवंडीच्या गोदामपट्ट्यात अनेक कामगार घरापासून शेकडो मैल दूर राहतात. रात्री दचकून जागा झालेल्याच्या पाठीवर हात ठेवायला तेथे कोणी नसते. म्हणून माझी मागणी साधी आहे. दुर्घटनेतून वाचलेल्या प्रत्येकाची आणि मृतांच्या घरच्यांचीही वर्षभर नोंद ठेवावी. पहिल्या आठवड्यात, महिन्याने, सहा महिन्यांनी आणि वर्षाने त्यांचा रक्तदाब, साखर, गरजेनुसार ईसीजी तपासावा आणि ‘झोप लागते का?’ हेही विचारावे. याला मोठी यंत्रसामग्री लागत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातील एक वही आणि आशाताईंची एक फेरी यांपासून सुरुवात करता येईल.