यंत्राचा ठेका आणि वादकांची भाकरी

कृत्रिम बुद्धिमत्तेने संगीतनिर्मितीत शिरकाव केल्यापासून वादकांच्या रोजीरोटीचा प्रश्न ऐरणीवर आला आहे. हा प्रश्न नवा नाही. १९८० साली जपानच्या रोलँड कंपनीने ‘टीआर-८०८’ हे ताल देणारे यंत्र बाजारात आणले. त्याचे आवाज विद्युतमंडलांतून निर्माण होत. खऱ्या ड्रमशी त्यांचे साम्य बेताचेच. त्याच वर्षी आलेल्या रॉजर लिन यांच्या यंत्रात अस्सल ड्रमचे ध्वनिमुद्रित आवाज होते. पण त्याची किंमत पाच हजार डॉलरच्या घरात, तर ‘८०८’ची सुमारे बाराशे. तरीही जेमतेम १२ हजार यंत्रे तयार झाल्यावर १९८३ मध्ये ‘८०८’चे उत्पादन थांबले.

मात्र जुन्या बाजारात स्वस्तात मिळणारे हे यंत्र अमेरिकेतील होतकरू कलावंतांच्या हाती पडले. १९८२ च्या ‘प्लॅनेट रॉक’पासून त्याचा खोल घुमारा हिपहॉपची ओळख बनला. त्याच वर्षी मुंबईतील चित्रपटसंगीताचे वादक चरणजित सिंग यांनी याच यंत्राच्या ठेक्यावर दहा राग ध्वनिमुद्रित केले. तेव्हा उपेक्षित राहिलेली ती तबकडी २०१० मध्ये पुन्हा प्रकाशित झाली आणि जगभर गाजली.

यंत्राने नवे संगीत दिले, हे खरेच. परंतु पुढे मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांतून वादकांचे मोठे ताफे ओसरत गेले, यात यंत्रांचाही वाटा होता. ज्यांचे काम गेले त्यांचे काय, याचा विचार तेव्हा फारसा झाला नाही. आता तरी तो व्हायला हवा.