नोकरी लांबली तरी घर खचू नये

बीड जिल्ह्यातल्या आपल्या वस्त्यांत पोलीस भरती, तलाठी, एमपीएससीची तयारी करणारी मुले-मुली घरोघर आहेत. अनेकांच्या क्लासची फी आईबापांच्या ऊसतोडीतून भरली जाते. म्हणून निकाल हुकला की पोरगं मान खाली घालून जेवतं, मग जेवण तुटतं, झोप उडते.

१९१७ साली जातीच्या छळामुळे बडोद्याची नोकरी सोडून बाबासाहेब मुंबईला परतले. परदेशात शिकूनही सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक व्हायला नोव्हेंबर १९१८ उजाडला. त्या दिवसांत रमाईने परळच्या चाळीतला संसार सांभाळला. नोकरी नसल्याने माणसाची किंमत घटत नाही, हे आपण तिथून शिकायचे.

घरातले समाधान म्हणजे हक्काची लढाई सोडणे नव्हे. लढणाऱ्याच्या अंगात बळ राहावे म्हणून ते हवे, असे आम्हांला वाटते. रात्रीचे जेवण सगळे मिळून करू. "लागली का नोकरी?" याआधी "जेवलास का? जेवलीस का?" विचारू. तरीही झोप-भूक परतत नसेल, मरणाचे विचार येत असतील, तर टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते. तिथे फोन करण्यात कमीपणा नाही.