ट्रेबल वाढवणाऱ्यांनो, जरा थांबा!

मंडळी, जुन्या रेकॉर्ड ऐकण्याची हौस आमच्या पुण्यात पुन्हा डोकं वर काढते आहे. चांगलंच आहे. पण तिच्याबरोबर एक खूळही आलं आहे, आणि आज त्यावरूनच भांडायचं आहे. व्हॉल्व्हचा प्रीअँप घ्यायचा, आठ दिवस कौतुक करायचं आणि नवव्या दिवशी म्हणायचं, "आवाज जरा दबकाच वाटतो बुवा, खुलवून घेऊ." लगेच बुधवार पेठेतून चार कंडेन्सर येतात, झाकण उघडतं आणि सोल्डरिंग सुरू! नेमकं काय केलंत म्हणून विचारलं, तर उत्तर ठरलेलं: "आता कसं चकचकीत वाजतंय!"

मी मराठी शाळेतला निवृत्त मास्तर. इंजिनिअर नाही. पण रेडिओ उघडून बसण्याचा नाद जुना आहे, तेव्हा फळ्यावर समजावता येईल तेवढंच सांगतो.

या खुलवण्याच्या दोन तऱ्हा. पहिली म्हणजे व्हॉल्यूमच्या पॉटवर, वरच्या टोकापासून मधल्या टोकापर्यंत, शंभरएक पिकोफॅरडचा कंडेन्सर जोडायचा. उंच स्वर त्यातून पॉटला बगल देऊन निसटतात. पण ही करामत आवाज लहान असतानाच जास्त चालते. व्हॉल्यूम पूर्ण वाढवला की परिणाम शून्य. म्हणजे रात्री हळू लावलेली ठुमरी कानाला टोचणार आणि दुपारी मोठ्याने लावलेली तीच ठुमरी निराळी वाजणार!

दुसरी तऱ्हा म्हणजे ईसीसी ८३ च्या कॅथोडवरचा २२ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर काढून तिथे एकाहूनही लहान बसवायचा. यात वरचं काही वाढत नाही हो, खालचं कमी होतं! काळी एकच्या तानपुऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झच्या जवळ असतो. तो बारीक झाला, डग्ग्याची घुमक गेली, की उरलेलं आपोआप चकचकीत भासतं. आमटीतला गूळ काढून घ्यायचा आणि तिखट वाढलं म्हणून खूश व्हायचं, तसलाच प्रकार.

मग सर्किटला हातच लावायचा नाही का? तसं मुळीच नाही. दबकेपणा कधीकधी खरा असतो, पण आधी कारण शोधा. साठएक पट आवाज वाढवणाऱ्या ईसीसी ८३ च्या तोंडाशी, मिलर परिणामामुळे, शंभर पिकोफॅरडच्या आसपास कपॅसिटन्स दिसतो. त्याआधी एक मेगओहमचा पॉट अर्ध्या रोधावर असला, तर सहा-साडेसहा हजार हर्ट्झपासूनच उतार लागतो. तिथे कमी ओहमचा पॉट हा सरळ इलाज आहे. मागच्या टप्प्याला तो पेलवतो का, एवढं बघा.

तेच ७८ च्या तबकड्यांचं. आरआयएएचं प्रमाण १९५४ सालचं. त्यानुसार प्रीअँप दहा हजार हर्ट्झला चौदाएक डेसिबल कापतो, कारण रेकॉर्ड कोरताना तेवढं वाढवलेलं असतं. त्याआधीच्या तबकड्या त्या हिशोबाने कोरलेल्याच नाहीत, मग त्या दबक्या वाजणारच. तिथे बदलता येणारा इक्वलायझर हवा. शिवाय ७८ ला साधारण तीन हजारांश इंचाची जाड सुई लागते. एलपीची बारीक सुई लावून खरखर ओढवून घ्यायची आणि वर ट्रेबल वाढवून ती दुप्पट करायची, याला काय म्हणावं?

आता माझ्या वयाच्या दोस्तांसाठी एक कडू गोळी. वय झालं की कान सर्वांत आधी वरचे स्वर सोडतात. दबका झालाय तो प्रीअँप, की आपण? घरातल्या पंधरा-सोळा वर्षांच्या नातीला शेजारी बसवून विचारा. तिने कानांवर हात ठेवले, तर सोल्डरिंगची इस्त्री खाली ठेवा!

हे सगळं हौसेपुरतंच असतं, तर मी एवढं लिहिलंही नसतं. पण याच खुलवलेल्या प्रीअँपमधून घरच्या रेकॉर्ड संगणकावर उतरवल्या जातात, आणि मग "आता जागा कशाला अडवायची" म्हणत तबकड्या जुन्या बाजारात जातात. घरात काय उरतं? एका आजोबांच्या थकलेल्या कानांना बरी वाटलेली नक्कल. हिराबाई बडोदेकरांचा आवाज असाच टोकदार होता, असं नातवंडं समजणार. त्यांची समजूत दुरुस्त कशाने करणार? तबकडी तर गेली.

मिरजेचे कारागीर तानपुऱ्याची जवारी लावतात ते आठवा. घोडीचा माथा किंचित घासायचा, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा किंचित. शेवटी सुताचा दोरा केसभर इकडे-तिकडे. जवारी खुली हवी की बंद, हे गाणाऱ्याला विचारून ठरतं. आणि दोरा केव्हाही मागे सरकवता येतो, हे सर्वांत महत्त्वाचं.

तुमचा बदलही त्या दोऱ्यासारखा असू द्या. स्विच लावून करा, म्हणजे मूळ आवाज एका बोटाच्या अंतरावर राहील. रेकॉर्ड संगणकावर उतरवताना तो स्विच बंद ठेवा; खुलवायचं ते नंतर, प्रतीवर. आणि हो, आत अडीचशे-तीनशे व्होल्ट असतात, प्लग काढल्यावरही फिल्टर कंडेन्सरमध्ये दबा धरून बसतात. ते उतरवल्याशिवाय हात घालू नका.

असो. नातेवाईक मंडळींना मात्र हात जोडून सांगणं आहे, माळ्यावरच्या तबकड्या विकायच्या आधी मला एक फोन करा. जागा माझ्याही घरात नाही, पण करू काहीतरी.