कर्जाआधी हिशोब शिकवा

मोहल्ल्यातल्या गरिबीवर बैठक झाली की दोन मागण्या हमखास पुढे येतात. सरकारी महामंडळाने कर्ज द्यावे आणि जमातीने बैतुलमाल उभारावे. दोन्ही मागण्या रास्त आहेत. पण पैसे आल्यावर नोंदी कोण ठेवणार, हप्ता थकला तर चौकशीला कोण जाणार आणि त्या माणसाला हे काम शिकवणार कोण, हे क्वचितच कुणी विचारते. छोट्या कर्जाची योजना तगते की बुडते, हे बरेचसे याच प्रश्नांवर ठरते.

सातारा जिल्ह्यातल्या दुष्काळी माण तालुक्यात म्हसवड नावाचे गाव आहे. चेतना गाला सिन्हा आणि तिथल्या महिलांनी स्वतःची बँक काढण्यासाठी रिझर्व्ह बँकेकडे अर्ज केला. अनेक प्रवर्तक महिलांना लिहिता-वाचता येत नव्हते, म्हणून तो नामंजूर झाला. महिलांनी साक्षरतेचे वर्ग सुरू केले. पुन्हा गेल्या तेव्हा त्यांनी अधिकाऱ्यांना सांगितले, कोणत्याही रकमेचे व्याज विचारा, आम्ही तोंडी हिशोब करून दाखवतो. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. त्या महिलांकडे मोठे भांडवल नव्हते. हिशोब मात्र पक्का होता.

हिशोब न येण्याची किंमत किती असते? समजा, एका बहिणीने शिलाई मशीनसाठी १०,००० रुपये वर्षभरासाठी घेतले. देणारा म्हणतो, 'फक्त बारा टक्के.' तो पूर्ण रकमेवर वर्षभराचे १,२०० रुपये व्याज धरतो आणि महिन्याला ९३३ रुपयांचा हप्ता बांधतो. पण मुद्दल तर दर महिन्याला कमी होत असते. उरलेल्या मुद्दलावर बारा टक्क्यांनी आकारणी केली, तर वर्षाचे व्याज सुमारे ६६२ रुपये होते. म्हणजे बारा टक्क्यांच्या नावाखाली तिने प्रत्यक्षात सुमारे साडेएकवीस टक्के मोजले. हे ओळखायला पदवी लागत नाही, दोन-तीन बैठकांची शिकवणी पुरते.

प्रशिक्षण फक्त वसुलीचे असले की काय होते, हे २०१० मध्ये आंध्र प्रदेशात दिसले. एकाच घरात तीन-तीन, चार-चार कंपन्यांची कर्जे होती. वसुलीच्या जाचाच्या आणि आत्महत्यांच्या बातम्या आल्या, राज्य सरकारने अध्यादेश काढला आणि हप्ते भरणे जवळपास थांबले. त्यानंतर नियम कडक झाले. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार वार्षिक तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला हे कर्ज विनातारण मिळते. सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त असता कामा नयेत. कर्जाची माहिती कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यावी लागते आणि मुदतीआधी फेड केल्यास दंड घेता येत नाही. आपल्या वस्तीतल्या किती महिलांना हे माहीत आहे?

आपल्यापैकी अनेकांना वाटते, की व्याज नसले की प्रश्न मिटला. कर्जे-हसनाची भावना मोठीच आहे, पण बिनव्याजी निधीलाही खर्च असतो. दहा लाखांचा निधी आहे आणि नोंदी, फेऱ्या व लिपिकाचे मानधन यांवर वर्षाला साठ हजार जातात, तर खर्चाची वेगळी सोय नसल्यास निधी दरवर्षी सहा टक्क्यांनी झिजेल. बुडीत कर्ज त्याशिवाय. हा खर्च सेवाशुल्कातून भागवायचा की देणगीतून, हे पहिल्या दिवशीच ठरवायला हवे. कुरआनातली सर्वांत मोठी आयत, सूरह बकराची २८२ वी, कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयीच आहे. तरी आपल्या कित्येक निधींचा हिशोब एकाच भल्या माणसाच्या डोक्यात असतो.

शिकवायचे काय, याचे उत्तर बचत गटांच्या चळवळीने दिले आहे. नाबार्डने १९९२ मध्ये ५०० गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला. तिथून रुजलेली पंचसूत्री सोपी आहे: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि अद्ययावत नोंदी. मात्र सभागृहात एक दिवसाचे शिबिर, चहा आणि प्रमाणपत्र एवढ्याने ती अंगवळणी पडत नाही. गटाच्या स्वतःच्या वहीवर, महिन्यामागून महिने, चूक होईल तिथे थांबून शिकवावे लागते.

मी सॉफ्टवेअरच्या धंद्यात आहे, त्यामुळे 'एक ॲप बनवून द्या' ही सूचना मला नेहमी ऐकू येते. नाबार्डने २०१५ मध्ये गटांच्या नोंदी डिजिटल करण्याचा 'ई-शक्ती' प्रकल्प सुरू केला. प्रायोगिक जिल्ह्यांत आपले धुळे होते. तिथेही बैठकीची माहिती टॅबलेटवर भरायला प्रशिक्षित स्थानिक माणसेच नेमावी लागली. ॲपमध्ये आपण भरू तेच येते. जिला वही वाचता येत नाही, तिला ॲप आणखी एका मध्यस्थाच्या हाती सोपवते.

तेव्हा तरुण मित्र-मैत्रिणींनो, तुमच्यात कॉमर्सवाले आहेत, इंजिनिअर आहेत, बँकेत नोकरी करणारे आहेत. आपल्या वस्तीतला एक गट किंवा एक बैतुलमाल निवडा आणि सहा महिने, महिन्यातून दोन संध्याकाळी जा. हिशोब तुम्ही लिहू नका, त्यांच्याकडून लिहून घ्या. दोन महिलांना कर्ज-नोंदवही, सभासदांची पासबुके आणि थकबाकीची यादी स्वतः तयार करता आली पाहिजे. दोन यासाठी, की एक सासरी गेली किंवा आजारी पडली तरी काम थांबू नये. सातव्या महिन्यात तुम्ही गेला नाहीत आणि तरी वही पूर्ण असली, तर तुमचे काम झाले असे समजा.