विरोध नोंदवून घ्या

नगरपरिषदेच्या सूचनाफलकावर सभेचा अजेंडा लागला की तो उभ्याउभ्या वाचायची मला जुनी खोड आहे. निविदा सूचना, लसीकरणाच्या तारखा आणि कधीच्या काळची फाटकी मतदारयादी यांच्या गर्दीत ती दोन-तीन पानं टाचणीला लटकलेली असतात. वाचणारा सहसा मी एकटाच. गावात कुठे गटार होणार, कोणाचा ठेका पुढे चालू राहणार आणि कोणाच्या दारातला खड्डा तसाच राहणार, हे त्या पानांवर जितकं उघड लिहिलेलं असतं तितकं कुठल्या वर्तमानपत्रात नसतं. आमच्याही नाही.

विषय क्रमांक एक ठरलेला: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. मग आरोग्य विभाग येतो. जंतुनाशक फवारणी, घंटागाड्यांवरच्या चालकांचा ठेका, मोकाट कुत्र्यांचं निर्बीजीकरण. पाणीपुरवठ्यात तुरटी आणि टीसीएल पावडरची खरेदी, जळालेल्या पंपाची दुरुस्ती. बांधकाम विभागात अमुक यांच्या घरापासून तमुक यांच्या घरापर्यंत बंदिस्त गटार. मधेच कुठेतरी 'कार्योत्तर मंजुरी' नावाचा प्रकार डोकावतो. म्हणजे काम झालेलं आहे, बिलही आलेलं आहे, आता फक्त तुमची हरकत नाही एवढं म्हणा. आणि सर्वांत शेवटी 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय'. सर्वसाधारण सभेची नोटीस सात दिवस आधी द्यावी लागते, ती विषय वाचून, विचार करून यावं म्हणून. ऐनवेळच्या विषयाला ही अडचण नाही. जेवणाची वेळ झालेली असते, अर्धे सदस्य खुर्ची मागे सरकवून उभे असतात, आणि तेवढ्यात तीन ठराव मंजूर होतात. जाणकार माणूस म्हणूनच अजेंडा शेवटाकडून वाचायला घेतो. पण ऐनवेळचे विषय तिथे छापलेलेच नसतात, हा भाग वेगळा.

आता यातला एकच विषय घेऊ, कारण तो माझ्या आठवणीत प्रत्येक सभागृहापुढे आलेला आहे: 'नगरपरिषद मालकीच्या व्यापारी संकुलातील गाळ्यांच्या भाडेकराराची मुदत संपली असल्याने पुढील निर्णय घेणे.' ओळ दीडच. पण तिच्या पोटात अख्खी बाजारपेठ आहे. गाळा ज्याच्या नावावर लिलावात गेला तो माणूस कधीच वारला. मुलाने काही वर्षं कापडाचं दुकान चालवलं, मग मोबाइल दुरुस्तीवाल्याला पोटभाड्याने देऊन टाकलं. आता पाटी तिसऱ्याचीच आहे. मूळ गाळेधारक नगरपरिषदेला महिन्याला जे भाडं भरतो त्याच्या कितीतरी पट पोटभाडेकरूकडून घेतो, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. फक्त कार्यालयाच्या दप्तरी त्याची नोंद नाही. फेरलिलाव करावा तर दुसऱ्या दिवशी बाजारपेठ बंद आणि नगरपरिषदेवर मोर्चा. जुन्याच दराने मुदतवाढ द्यावी तर लेखापरीक्षणात आक्षेप. मग सभेत सांगोपांग चर्चा होते आणि ठरतं काय, तर 'सदर विषय पुढील सभेपुढे ठेवण्यात यावा'. पुढची सभा, त्याच्या पुढची सभा, पुढचं सभागृह. मोबाइल दुरुस्तीवाला मात्र दर वर्षी भाडं वाढवून देतो आहे.

या कंटाळवाण्या विषयांवर मी एवढी शाई का घालवतो? कारण गावाला स्वतःच्या डोक्याने ठरवता येतील अशा गोष्टी फार थोड्या उरल्या आहेत. १९९९मध्ये नगरपालिकांची जकात बंद झाली. जकात नाक्यावर चालणारे प्रकार सगळ्यांना माहीत होते, त्यामुळे कोणी डोळ्यांत पाणी आणलं नाही. पण हक्काचं उत्पन्न गेलं आणि त्या जागी सरकारचं सहायक अनुदान आलं. ते आलं की पगार होतात. बाकी निधी नगरोत्थान, दलित वस्ती सुधार, वित्त आयोग अशा नावांनी येतो, आणि कशावर खर्च करायचा हे बरंचसं वरूनच ठरून येतं. स्वतःची म्हणावी अशी कमाई म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं आणि आठवडी बाजाराची फी. घरपट्टीची फेरआकारणी चार वर्षांनी करायची असते. ती निवडणुकीच्या तोंडावर आली तर कोणाच्या प्रभागात काय बोललं जातं ते ऐकण्यासारखं असतं. गाळ्यांचा विषय असा वर्षानुवर्षं लोंबकळत ठेवणं म्हणजे नगरपरिषदेने स्वतःचा खिसा स्वतःच कापून घेणं.

मधली चार वर्षं मात्र अजेंडाच नव्हता. डिसेंबर २०२१पासून पुढच्या काही महिन्यांत राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांची मुदत संपत गेली, इतर मागासवर्गाच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात अडकला आणि गावोगाव प्रशासक बसले. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५मध्ये निवडणुका घेण्याचा आदेश दिला, तेव्हा कुठे हालचाल सुरू झाली. २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींच्या निवडणुका जाहीर झाल्या. बहुतेक ठिकाणी २ डिसेंबरला मतदान झालं, आणि मतमोजणी दुसऱ्या दिवशी व्हायची ती उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाच्या आदेशाने २१ डिसेंबरवर गेली. गुलाल तेवढे दिवस पोत्यात पडून राहिला.

प्रशासकाच्या काळात गाव सुखात होतं, असं म्हणणारे बरेच भेटतात. भांडणं नाहीत, सभात्याग नाही, माइक ओढाओढी नाही. कामं झाली, हेही खरं. आमच्याकडचा स्मशानभूमीचा रस्ता त्याच काळात झाला. पण ही कामं ठरली कशी ते बघा. मुख्याधिकारीच प्रशासक असेल तिथे मुख्याधिकारी म्हणून प्रस्ताव मांडायचा आणि प्रशासक म्हणून तोच मंजूर करायचा. वर 'सादर', खाली 'मान्य', दोन्ही सह्या एकाच पेनाच्या. स्थायी समिती तोच, सर्वसाधारण सभाही तोच. या काळातल्या ठरावांत एक जागा कोरी आहे: विरोध कोणी केला? कोणीच नाही, कारण करायला कोणी नव्हतंच. चार वर्षांत विकास किती थांबला याचा हिशेब मांडणारे आहेत. मला त्यापेक्षा नोंदला न गेलेला नकार जास्त खटकतो.

कारण नगरपालिकेच्या प्रोसिडिंगमधला एकट्याचा नकार फार लांब जातो. जोतीराव फुले १८७६पासून पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. १८८०मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला यायचा होता आणि त्याच्या स्वागतावर हजार रुपये खर्च करायचं घाटत होतं. सरकारने नेमलेल्या सदस्यांनी सरकारच्या पाहुण्याला नाही म्हणायचं कसं? जोतीराव म्हणाले. एकटेच म्हणाले. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर लावा, हे त्यांचं म्हणणं होतं. हजार रुपये खर्च झालेच, पण लिटनच्या स्वागताला काय-काय होतं हे आज कोणाला ठाऊक आहे? विरोध कोणी केला तेवढं ठाऊक आहे. पुढे मंडईच्या इमारतीवरच्या भल्यामोठ्या खर्चालाही त्यांनी विरोध केला. मंडई झाली, तिला गव्हर्नर रे यांचं नाव मिळालं, आणि पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्याच मंडईला महात्मा फुल्यांचं नाव दिलं गेलं. नामकरणाचे ठराव मला एरवी आवडत नाहीत, हा एक सोडून.

दुसरं प्रोसिडिंग महाडचं. महाड म्हणजे सावित्रीकाठचं छोटं गाव, आमच्यासारखीच नगरपालिका. सी. के. बोले यांनी मुंबई विधिमंडळात मांडलेला सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव ४ ऑगस्ट १९२३ला मंजूर झाला, आणि त्याला धरून महाड नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ला आपली तळी सर्वांना खुली केली. कागदावर. चवदार तळ्यावर त्यामुळे एकही नवी घागर बुडली नाही. ठराव झाला की आपलं काम संपलं असं मानणारी सभागृहं तेव्हाही होती. अंमलबजावणी व्हायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. ते आडदांडपणा करायला गेले नव्हते. नगरपालिकेनेच मंजूर केलेला हक्क ते बजावत होते. तो ठराव रजिस्टरात नसता तर सत्याग्रहाची धार गेली असती असं नाही, पण समोरच्याला निरुत्तर करायला तो कागद होताच.

म्हणून तो कागदच काढून टाकायचं ठरलं. ४ ऑगस्ट १९२७ला, बोल्यांच्या ठरावाला बरोबर चार वर्षं होत होती त्या दिवशी, महाड नगरपालिकेने १९२४चा ठराव रद्द केला. मग दावा लागला. तळं सार्वजनिक नाही, तिथे अस्पृश्यांना मज्जाव ही परंपरागत वहिवाट आहे, असा सवर्ण वादींचा दावा होता. जवळजवळ दहा वर्षं तो चालला आणि १७ मार्च १९३७ला मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला: अशी वहिवाट शाबीत झालेली नाही. आपण २० मार्च आणि मनुस्मृतिदहनाचा २५ डिसेंबर लक्षात ठेवतो, ते बरोबरच आहे. पण त्या लढ्याच्या पोटात एका लहान गावच्या सभेचे दोन ठराव आहेत, एक खुलं करणारा आणि एक बंद करणारा. दोन्ही कुठल्यातरी विषय क्रमांकाखाली आले असणार, दोन्हींना सूचक-अनुमोदक मिळाले असणार.

तर आता पुन्हा सभागृहं भरली आहेत. नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडून आलेले आहेत. हा नियम २००१मध्ये आला, २००६मध्ये गेला, २०१६मध्ये परत आला, २०२०मध्ये पुन्हा गेला आणि २०२२मध्ये पुन्हा आला. मुंबईत सरकार बदललं की आमच्या गावचा नगराध्यक्ष निवडायची तऱ्हा बदलते. थेट निवडीमुळे नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि बहुमत दुसऱ्याचं, असा संसार पुष्कळ ठिकाणी मांडला गेला आहे. मला त्याचं फारसं दुःख नाही. दोघं एकमेकांवर नजर ठेवून राहिले तर अजेंडा वाचणारे आणखी दोघं वाढतील. निम्म्या जागांवर स्त्रिया आहेत, आणि सभागृहाच्या दाराशी त्यांचे पती, दीर, क्वचित सासरे. गावात नगरसेवक म्हणून हाक मारली जाते ती या पुरुषांनाच.

परवाच्या सभेत मी प्रेक्षकांत बसलो होतो. आठवडी बाजाराची फी वसूल करण्याचा ठेका हा विषय होता. निविदा एकच आलेली, ठेकेदार जुनाच. विषय वाचून होतो न होतो तोच बाकांवरून 'मंजूर, मंजूर' सुरू झालं. पहिल्यांदाच निवडून आलेल्या एक बाई उठल्या. भाजीवाल्या बायकांना पावती न देता पैसे घेतात, दराचा फलक बाजारात नाही, आणि एकच निविदा आली तर फेरनिविदा का काढली नाही, एवढंच त्यांनी विचारलं. पीठासनावरून उत्तर आलं, ''ताई, विषय मंजूर झालाय.'' दारातून त्यांचे मिस्टर हाताने खाली बसायची खूण करत होते.

''मग माझा विरोध नोंदवून घ्या,'' बाई म्हणाल्या. ''नावासकट आणि कारणासकट.''

सभा लिहून घेणाऱ्या लिपिकाने आधी मुख्याधिकाऱ्यांकडे पाहिलं, मग नगराध्यक्षांकडे. तो 'सर्वानुमते' लिहून मोकळा झाला होता. ते खोडून त्याला 'बहुमताने' करावं लागलं. आणखी तीन जणांनी, त्यातला एक तर सत्ताधारी बाकावरचा, आपलं नाव बाईंच्या नावाखाली घालायला सांगितलं.

ठेका अर्थातच त्याच ठेकेदाराला गेला. बाईंनी दुसऱ्या दिवशी लेखी अर्ज देऊन ठरावाची नक्कल मागितली आहे. ती हातात पडली की नगरपरिषद कायद्याच्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे ठराव तहकूब करण्याची मागणी करणार, असं कळलं. ते सांगत होत्या त्या स्वतः. मिस्टर शेजारी उभे राहून मोटारसायकल पुसत होते.