पावतीचे मोल

दुकानातून वस्तू घेतल्यावर जी पावती हाती येते, तिच्या तळाशी पुष्कळदा बारीक अक्षरांत एक वाक्य छापलेले असते : 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' हे वाक्य वाचून कित्येक गिऱ्हाइके मुकाट्याने घरी परततात. छापलेले आहे, त्या अर्थी तोच कायदा असणार, असा त्यांचा समज होतो. वस्तुतः दुकानदाराने छापून घेतलेले वाक्य म्हणजे कायदा नव्हे. सदोष माल परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा ठरते. आणि पावतीवर मुदत दिलेली नसेल, तर त्यासाठी ३० दिवसांची मुदत त्या कायद्यानेच घालून दिली आहे. घरी गेल्यावर रंग आवडेनासा झाला म्हणून माल परत घ्यावा, असे मात्र कायदा म्हणत नाही.

एखाद्या शेतमजुराची मुलगी रोज दोन कोस चालून शाळेला जाते, आणि हंगामभर साठविलेल्या मजुरीतून बाप तिला सायकल घेऊन देतो, अशी कल्पना करावी. पंधराव्या दिवशी सायकलीच्या सांगाड्याचा सांधा निखळतो. दुकानदार पावतीवरील त्या ओळीवर बोट ठेवतो. मुलगी पुन्हा पायी जाऊ लागते. श्रीमंताला ती रक्कम किरकोळ वाटेल. परंतु त्या घरात तो एका हंगामाचा घाम आहे. अशा वेळी 'गेले ते गेले, देव बघून घेईल,' असे म्हणणाऱ्या मनुष्यास लोक सालस म्हणतात. हा सालसपणा नव्हे. त्याच्या मौनामुळे तशीच दुसरी सायकल दुसऱ्या मुलीच्या घरी जाते, याचा विचार कोणी करीत नाही.

याउलट काही जण दुकानात जाऊन आरडाओरडा करतात. चार माणसे जमतात, अपशब्दांची देवाणघेवाण होते, आणि सांधा कोठे व कसा निखळला, हे पाहावयाचे राहूनच जाते. शिवाय प्रत्येक दुकानदार लबाडच असतो, असे थोडेच आहे? त्यालाही पुष्कळदा तो माल कारखान्याकडून तसाच आलेला असतो. शांतपणे दाखवून दिले, तर वस्तू बदलून देणारे दुकानदारही आहेत; गावातली पत त्यांनाही हवी असते.

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ती खोटी नाही. वकिलाची फी, तारखांमागून तारखा आणि बुडालेली मजुरी यांच्या अनुभवातून ती जन्मास आली. परंतु नेमक्या याच अडचणी ओळखून ग्राहकांसाठी वेगळी वाट काढण्यात आली. १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायत स्थापन केली. पुढल्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली, आणि अनेक कुटुंबांनी मिळून एकत्र खरेदी करण्याचा परिपाठ तिने घातला. १९८६ मध्ये ग्राहक संरक्षणाचा कायदा झाला. त्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली असून तो २०२० पासून अंमलात आहे. त्याप्रमाणे जिल्हा आयोगापुढे वकिलावाचून स्वतः उभे राहता येते. वस्तूची किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असेल, तर शुल्क पडत नाही. वस्तू दूरच्या शहरात घेतलेली असली, तरी तक्रार स्वतःच्या जिल्ह्यात करता येते. मात्र ती दोन वर्षांच्या आत केली पाहिजे. मालाची तपासणी करावी लागणार नसेल, तर तीन महिन्यांत निकाल लागावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात कित्येक प्रकरणे त्याहून फार रेंगाळतात, हे मान्य केले पाहिजे. म्हणूनच आयोगाच्या दारी जाण्यापूर्वी पत्राने तंटा मिटविण्याचा यत्न करणे हेच शहाणपणाचे.

पण पावतीच नसेल तर? 'पक्के बिल हवे की कच्चे?' असे दुकानदार विचारतो, आणि कर वाचतो म्हणून गिऱ्हाईक हसतमुखाने कच्च्या चिठ्ठीवर राजी होते. त्या चिठ्ठीवर ना दुकानाचे नाव, ना तारीख. सायकल मोडल्यावर 'ती आमच्याकडची नव्हेच,' असे उत्तर मिळाले, तर बोलावयाचे काय? पावती न देणे हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथाच होय. परंतु येथे घेणाऱ्याचा दोषही थोडा नाही, कारण सरकारचा कर बुडविण्यात तो भागीदार झालेला असतो. तसेच सायकलीवर धान्याचे पोते लादल्यामुळे सांधा गेला असेल आणि ती गोष्ट कोणी लपवून ठेवीत असेल, तर त्या भांडणात अन्याय दुकानदारावर होतो.

त्या शेतमजुराला लिहिता येत नसले, तरी त्याच्या मुलीला येते. पत्र चार ओळींचे पुरते. सायकल कोणत्या तारखेस व किती किमतीस घेतली, ती केव्हा व कोठे मोडली, बदलून हवी की पैसे परत हवेत, आणि उत्तर किती दिवसांत यावे, एवढे त्यात आले म्हणजे झाले. 'लबाड', 'चोर' हे शब्द त्यात नकोत. त्यांनी तुटलेला सांधा जुळत नाही. पत्रासोबत पावतीची नक्कल जोडावी. मूळ पावती हातची सोडू नये. पत्राच्या दोन प्रती काढाव्या. एक दुकानदारास द्यावी, दुसरीवर पोच म्हणून त्याची सही व तारीख घ्यावी, आणि ती प्रत घरच्या पेटीत मूळ पावतीशेजारी ठेवावी.