आशाताईंची धाप

2020 साली 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' म्हणत पेण-रोह्याच्या वाड्यावस्त्यांवर घरोघरी ताप आणि ऑक्सिजन तपासत फिरल्या त्या आपल्या आशाताई. काहींना या कामातच कोरोना झाला. तो गेला, पण मी ओळखते त्यांतल्या काहींचा थकवा गेलाच नाही. वाडीची चढण चढताना धाप लागते, नोंदवही भरताना साधा शब्द आठवत नाही. घरचे म्हणतात, "वय झालं आता!"

हा आळस नव्हे. कोरोनानंतर तीन महिन्यांनीही असलेल्या, किमान दोन महिने टिकणाऱ्या आणि दुसऱ्या कारणाने न उलगडणाऱ्या अशा त्रासाची व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्येच केली. हाच लाँग कोविड. म्हणून आधी हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर तपासून घ्यायलाच हवी.

सरकारने 50 लाखांचा विमा दिला, तो मृत्यूसाठी. जी वाचली पण खंगली, तिचं काय? तिचा काही मोबदला कामागणिक, म्हणजे अंथरूण धरलं की ते पैसे बुडाले. 2022 मध्ये आशांचा जागतिक गौरव झाला. आता उपजिल्हा रुग्णालयांत त्यांच्यासाठी तपासणीचा ठरावीक दिवस हवा आणि आजारपणात मोबदलाही.

आणि आपण? ताई दारात आल्या की आधी बसायला सांगूया. विचारूया, "ताई, तुमची तब्येत कशी आहे?"